गिअर जड, न्यूट्रल लागेना, क्लच घसरतोय? क्लच प्लेटा बदलण्याआधी ऑइल बघा

मोटरसायकलची लक्षणं आधी जुळवून बघा.

- सकाळी गिअर बरे पडतात, पण अर्धा तास चालवून इंजिन तापलं की जड होतात, पायाला टक्क लागतात.
- सिग्नलला उभं राहिल्यावर न्यूट्रल सापडत नाही. पहिल्यातून थेट दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात.
- चढावर रेस दिली की आवाज वाढतो, पण गाडी तेवढी ओढत नाही.
- इंजिनाच्या वरच्या अंगाला, हेडजवळ, बारीक टकटक सुरू झाली आहे.
- इंजिन पूर्वीपेक्षा लवकर तापतं आणि ॲव्हरेज घटलं आहे.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की गाडीवाला स्वतःच ठरवून येतो, "क्लच प्लेटा गेल्या, नव्या टाका." गेली कित्येक वर्षं मी सांगलीत मोटरसायकल दुरुस्तीचं काम करतोय, आणि अशा गाड्यांपैकी बऱ्याच नुसत्या ऑइलवर किंवा क्लच वायरवर सुटतात. प्लेटा, स्प्रिंगा, गॅस्केट आणि मजुरी धरली तर खर्च हजारांत जातो. ऑइल चार-पाचशेत येतं. म्हणून स्वस्तातलं आधी तपासायचं, महागाकडे नंतर जायचं.

ऑइलचा आणि गिअरचा संबंध काय?

कारमध्ये इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक चार-स्ट्रोक मोटरसायकलींत तसं नाही. पिस्टन, कॅम, क्लचच्या प्लेटा आणि गिअरचे दाते, सगळं एकाच ऑइलमध्ये चालतं. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० (हे ऑइलच्या जाडपणाचे ग्रेड) ऑइल तापल्यावरही फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळ्यांची रसायनं घातलेली असतात. गिअरचे दाते एकमेकांत फिरताना त्या साखळ्या कापत राहतात. ऑइल काळं व्हायच्या आधीच त्याचा दम जातो तो यामुळे. इंजिन गरम झालं की ते गरजेपेक्षा पातळ पडतं, दात्यांमधला तेलाचा पडदा टिकत नाही आणि गिअर पायाला खडखडीत लागतात. "थंड असताना ठीक, तापल्यावर जड" ही तक्रार ऐकली की माझा पहिला संशय ऑइलवर असतो.

यामुळे नुसता रंग बघून ऑइल बदलू नका आणि नुसता रंग बघून ठेवूही नका. चांगलं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं, त्यामुळे ते काही दिवसांत काळं होणारच. काळं ऑइल कामाचं असू शकतं आणि मधासारखं दिसणारं ऑइल दमलेलं असू शकतं.

आता तपासण्या. याच क्रमाने करा.

१. क्लच वायर आणि चेन: पैसे लागत नाहीत

हँडलवरचा क्लच लिव्हर हलका दाबा. टोकाला किती अंतर मोकळं हलतं ते बघा. बहुतेक १०० ते १५० सीसीच्या गाड्यांना हा मोकळेपणा १० ते २० मिलिमीटर असावा लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मोकळेपणा जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल लागत नाही. अजिबात नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, चढावर घसरतो आणि प्लेटा खरोखरच जळतात. वायर आतून गंजली असेल, तिचे तार तुटायला लागले असतील तर नवी टाका, कितीही ॲडजस्ट केली तरी ती टिकणार नाही.

मग गाडी बंद करून, पुढे-मागे जराशी हलवत न्यूट्रल घालून बघा. इंजिन बंद असताना पटकन लागतं आणि चालू असताना लागत नाही, तर क्लच पूर्ण सुटत नाही. कारण वायर, ऑइल किंवा प्लेटा यांतलं एक. इंजिन बंद असतानाही लागत नसेल तर भानगड गिअरच्या लिव्हरची, शाफ्टची किंवा आतल्या शिफ्टरची आहे आणि ऑइल बदलून फारसा फरक पडणार नाही. या एका तपासणीने निम्मं निदान होतं, तरी ती क्वचितच कोणी करतं.

चेनही बघा. ढिली, कोरडी चेन गिअर बदलताना झटका देते आणि माणसाला वाटतं गिअरबॉक्स गेला.

२. ऑइलची पातळी: हीही फुकट, पण रीत हवी

बहुतेक १००-१२५ सीसीच्या गाड्यांना ऑइल कमी झाल्याचा दिवा नसतो, त्यामुळे तुम्ही बघितलं नाही तर कोणी सांगणार नाही. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. गाडी सपाट जागी डबल स्टँडला घ्या. साइड स्टँडवर घेतलेलं माप नेहमी चुकीचं येतं. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसा आणि परत घाला. हिरो-होंडाच्या पठडीतल्या बहुतेक गाड्यांना माप घेताना ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. काही गाड्यांना फिरवून बसवायची असते, ते पुस्तकात बघून घ्या. ज्या गाड्यांना बाजूला काचेची खिडकी आहे तिथे गाडी सरळ उभी धरून दोन खुणांच्या मध्ये पातळी दिसली पाहिजे.

खालच्या खुणेच्या खाली गेलं असेल तर गाडी चालवू नका, आधी त्याच ग्रेडचं ऑइल घाला. ऑइल कमी पडलं की सगळ्यात आधी उपाशी राहतो तो वरचा कॅम आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), कारण तेल तिथे शेवटी पोहोचतं. हेडमधली टकटक तिथूनच येते. टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) जुळवूनही ती महिनाभरात परत आली तर कॅम झिजलाय असं धरा.

वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही वाईट. याचं नेहमीचं कारण म्हणजे एक लिटरची बाटली आणली आणि सगळी ओतली. गाडीच्या पुस्तकात दोन आकडे असतात. एक नुसतं ऑइल काढून भरण्याचा आणि दुसरा इंजिन पूर्ण उघडून जोडण्याचा. दुसरा मोठा असतो, कारण काढताना सगळं ऑइल कधीच निघत नाही, थोडं आत राहतं. भरताना पहिला आकडा धरायचा. जास्त झालेलं ऑइल आत घुसळलं जातं, त्याला फेस येतो, इंजिन तापतं आणि ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरपर्यंत जातं. फिल्टर तेलकट झाला की पिकअप जातो आणि लोक कार्बोरेटर साफ करत बसतात.

३. डिपस्टिकवरचं ऑइल हाताला आणि नाकाला काय सांगतं

एक थेंब अंगठा आणि बोट यांच्यात चोळा. पाण्यासारखं सरसर पसरलं, पकडच नाही, तर ते दमलंय. आता वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वर चढली असेल, तर कार्बोरेटरची फ्लोट पिन (पेट्रोल थांबवणारी सुई) नीट बसत नाही आणि रात्रभर पेट्रोल इंजिनात झिरपतंय. हे कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांत होतं, विशेषतः पेट्रोल कॉक उघडा ठेवून गाडी साइड स्टँडवर उभी असली की. अशा वेळी ऑइल बदलून उपयोग नाही, आधी फ्लोट पिन दुरुस्त करा, मग ऑइल.

डिपस्टिकवर किंवा झाकणाच्या आत साय धरल्यासारखं पांढरट काही दिसलं तर आत पाणी आहे. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत थोडा पांढरेपणा दिसणं नवल नाही. इंजिन नीट तापतच नाही, आतला दमट वाफारा उडून जात नाही. पण काठीभर पांढरं असेल आणि गाडी पाणी-कुलिंगची असेल तर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये मिसळतंय, आणि ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.

पुरात बुडालेल्या गाडीचा नियम वेगळा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा अशा गाड्या आमच्याकडे रांगेने उभ्या होत्या. ऑइल पाण्यावर तरंगतं, म्हणून ड्रेन बोल्ट हळूहळू सैल केला की आधी स्वच्छ पाण्याची धार येते, मग चहाच्या रंगाचं घट्ट काहीतरी आणि शेवटी ऑइल. ज्यांनी पाणी ओसरल्यावर लगेच किक मारून बघितली त्यांच्या इंजिनात हे सगळं वरपर्यंत घुसळलं गेलं आणि बेअरिंगा गंजल्या. बुडालेल्या गाडीला किक नको, सेल्फ नको. ढकलत न्या. तिथे ऑइल दोन-तीनदा भरून-काढून धुवावं लागतं आणि हे काम घरी करण्यासारखं नाही.

४. बाटलीवर काय लिहिलंय

तुमच्याकडे मागच्या वेळची बाटली असेल तर मागची बाजू वाचा. मोटरसायकलच्या ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच चालणाऱ्या क्लचसाठी जपानी जासो मानकाचं एमए किंवा एमए२ हवं. एमबी हे ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो अशा स्कूटरसाठी, त्यात घर्षण मुद्दाम कमी केलेलं असतं. कारचं पातळ, इंधन वाचवणारं ऑइलही मोटरसायकलला चालत नाही. कारला जो गुळगुळीतपणा फायद्याचा, तोच इथे प्लेटांना पकडू देत नाही. "महागाचं सिंथेटिक टाकलं आणि तेव्हापासून क्लच घसरतोय" अशी गाडी आली की आम्ही सगळ्यात आधी बाटली मागतो.

असं चुकीचं ऑइल पडलं असेल तर लगेच प्लेटा बदलू नका. ते काढा, योग्य एमए२ भरा, दीड-दोनशे किलोमीटर जपून चालवा आणि पुन्हा एकदा बदला. प्लेटा जळल्या नसतील तर बहुतेक वेळा पकड परत येते.

ग्रेड पुस्तकात दिली आहे तीच घाला. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत "घट्ट ऑइल बरं" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी क्लच चिकटतो, पहिला गिअर धाडकन पडतो आणि ॲव्हरेज जातं. आणि बाटली सीलबंद बघून, ओळखीच्या दुकानातून घ्या. रिकामी झालेली बाटली भंगारात देण्याआधी भोसका, म्हणजे तिच्यात कोणी जुनं ऑइल भरून परत विकणार नाही.

५. ऑइल बदलणं

वरचं सगळं ठीक असूनही शंका राहिली, किंवा मागचं ऑइल कधी बदललं तेच आठवत नसेल, तर सरळ बदला. इंजिन थोडं कोमट करा, म्हणजे ऑइल कचऱ्यासकट वाहून येतं. फार तापवू नका, हात भाजतो. ड्रेन बोल्टला बहुतेक हिरो-होंडा गाड्यांत १७ चा पाना लागतो. उघडा पाना नको, रिंग किंवा बॉक्स पाना वापरा. बोल्टचं वायसर दर वेळी नवं घाला. वीस रुपयांचंही नसतं, पण जुनं चपटं झालेलं वायसर गळतं आणि गळती थांबवायला लोक बोल्ट आवळत सुटतात. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे तिथेच निघतात. बसल्यावर थोडा दाब आणि बस. आटे फिरल्याचं जाणवलं, बोल्ट नुसता गोल फिरतोय, तर थांबा. टेप गुंडाळून, एमसील लावून गाडी रस्त्यावर काढू नका, तो बोल्ट रस्त्यात पडला तर पाच मिनिटांत इंजिन जाम होईल. लेथवाल्याकडून नवे आटे पाडून घेता येतात.

निघालेलं ऑइल पसरट पांढऱ्या तसराळ्यात धरा आणि उन्हात नेऊन बघा. तळाशी राखाडी, गंधासारखी बारीक पूड असेल तर ती नेहमीची झीज. चमचमणारे कण दिसले तर चुंबक लावून बघा. चिकटले तर लोखंड, म्हणजे गिअर, कॅम किंवा बेअरिंग. न चिकटणारे पांढरट असतील तर ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा केसिंग. तपकिरी, बुचासारखे तुकडे म्हणजे क्लच प्लेटांचं अस्तर, आणि ते दिसले तर तुमचा प्लेटांवरचा संशय खरा. नखात धरता येईल एवढा तुकडा निघाला तर नवं ऑइल भरूच नका, गाडी उघडावी लागेल.

६. जाळी आणि फिल्टर

तीन-चार वेळा ऑइल बदलूनही फरक टिकत नसेल तर जाळी आणि फिल्टर तपासले पाहिजेत. स्प्लेंडरच्या पठडीतल्या इंजिनांना कागदी फिल्टर नसतो. उजव्या कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकाला फिरणारी एक डबी असते. ती फिरताना कचरा कडेला फेकते आणि तो तिथे काळ्या लोण्यासारखा साठतो. ऑइल बदलताना हा कचरा निघत नाही. दहा-बारा हजार किलोमीटरला कव्हर उघडून ही डबी आणि पंपाची जाळी धुवायला हवी. कव्हर उघडलं की गॅस्केट नवं लागतं आणि क्लच तिथेच समोर असतो, म्हणून प्लेटांची जाडीही त्याच वेळी मोजून घ्या. कागदी फिल्टर असलेल्या गाड्यांत फिल्टर आणि त्याची ओ-रिंग बदला, आणि फिल्टर उलटा बसत नाही ना ते बघा.

मग नेमकं किती किलोमीटरला बदलायचं?

नव्या गाडीचं पहिलं ऑइल ५०० ते १,००० किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसला बदललंच पाहिजे, कारण घासून बसणाऱ्या भागांची पूड त्यात असते. पुढे पुस्तकात कुठे ३,००० ला टॉप-अप आणि ६,००० ला बदल असं दिलेलं असतं, तर हल्लीच्या काही गाड्यांना १०,०००. पण तो आकडा बऱ्या रस्त्यावर, बऱ्या चालीने फिरणाऱ्या गाडीसाठी आहे.

पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून दहा ठिकाणी थांबणारी गाडी, वैरणीचा भारा घेऊन शेतवाटेने पहिल्या-दुसऱ्यावर चालणारी, शहरात दिवसभर पार्सल पोहोचवणारी, यांचं मीटर कमी फिरतं आणि इंजिन मात्र तासन्‌तास चालू असतं, तेही हाफ क्लचवर. अशांना साधं मिनरल ऑइल मी २,५०० ते ३,००० ला बदलायला सांगतो. साध्या ऑफिस-घर वापराला ४,००० पर्यंत हरकत नाही. हायवेने रोज चाळीस-पन्नास किलोमीटर एका लयीत जाणाऱ्याने पुस्तकातला आकडा पाळावा, त्याआधी बदलून पैसे वाया घालवू नयेत. सिंथेटिक जास्त टिकतं, पण पुस्तकातली मर्यादा ओलांडू नका. आणि गाडी कमी फिरत असली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच. पावसाळाभर नुसती जवळपास फिरलेली असेल तर दसऱ्याच्या आधी बदला, तो पाण्याचा अंश निघून जातो.

गिअरचं ऑइल वेगळं असणाऱ्या गाड्याही आहेत. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ फायनल गिअरचं ऑइल असतं, जेमतेम सव्वाशे मिलीच्या आसपास. ते विसरलं जातं आणि मागून घरघर येऊ लागते. दहा हजारांच्या आसपास बदला. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकला टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, पण क्लच-गिअरचं ऑइल केसिंगमध्ये वेगळं असतं आणि टू-टी भरत राहिलं म्हणजे ते बदललं असं होत नाही. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला तर इंजिन, चेनकेस (क्लच असतो तो डबा) आणि गिअरबॉक्स अशी तीन वेगळी ठिकाणं आहेत. तिचे गिअर जड झाले तर इंजिनाचं ऑइल बदलून काही होणार नाही, चेनकेस आणि गिअरबॉक्स बघा.

कुठे थांबायचं आणि मेकॅनिककडे कधी जायचं

चांगलं ऑइल, बरोबर पातळी, ॲडजस्ट केलेली वायर, आणि तरी चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिन पळतं पण गाडी पळत नाही, तर प्लेटा आणि स्प्रिंगा मोजायच्या. गिअर चालता चालता आपोआप सुटत असेल तर दाते किंवा गिअर सरकवणारा फोर्क झिजलेत, आणि त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावं लागतं. रेस दिल्यावर निळा धूर येत असेल आणि हजार किलोमीटरला दोन-अडीचशे मिली ऑइल घटत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. फक्त सकाळी चालू करताना धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील. यांतलं काहीही घरी करू नका. टॉर्क पाना, पुलर आणि मायक्रोमीटर असलेला, काढलेले जुने भाग तुमच्यासमोर ठेवणारा मेकॅनिक निवडा. त्याला "क्लच बदला" असं सांगू नका. तापल्यावर होतं की थंड असताना, इंजिन बंद असताना न्यूट्रल लागतं की नाही, मागचं ऑइल कोणतं आणि किती किलोमीटरला घातलं, एवढं सांगा. त्याचे दोन तास वाचतील आणि तुमचे पैसे.

काढलेलं ऑइल गटारात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका, वाळवीसाठी वाशांना फासू नका, चेनलाही लावू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि त्यातली धातूची पूड चेन-स्प्रॉकेटही खाते. बाटलीत भरून झाकण लावा आणि जिथे जुन्या ऑइलचा पिंप ठेवलेला असतो अशा गॅरेजला द्या. आम्ही ते घेतो, त्याचे पैसे घेत नाही.